इफीकडचा चहा

ग्लासगोच्या वर, डोंगरातल्या किन्लोखबान गावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती इफी मॅकव्हॅरिशच्या कानावर जाऊ देऊ नये, हे तिथल्या मेंढरांनाही ठाऊक होतं. इफीच्या तोंडात तीळ भिजत नसे. पोस्ट सांभाळणारी पेगी म्हणायची, "पत्र टाकलं तर मंगळवारी पोचतं. इफीला सांगितलं तर सोमवारीच."

बाई मनानं वाईट नव्हती. कुणाचं वाकडं व्हावं म्हणून ती कधी बोलली नाही. तिला माणसांची हावच होती. रस्त्यानं कुणी अनोळखी दिसला की तिचा जीव खालीवर होई. मग त्याला आत बोलवायचं, चुलीपाशी बसवायचं, चहा आणि ओटच्या भाकऱ्या पुढं करायच्या, आणि दुसरा कप भरेपर्यंत त्याच्या आजीच्या दम्यापासून बायकोच्या माहेरापर्यंत सगळं काढून घ्यायचं. तिचा नवरा आर्ची रेल्वेत सिग्नलवर होता. लग्नात पाद्रीबाबांपुढं तो "हो" म्हणाला, ते त्याचं गावानं ऐकलेलं सर्वांत लांब भाषण. पुढची पस्तीस वर्षं घरात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं त्याचं. दोघंही सुखात होते. तो गेल्यावर इफी महिनाभर गप्प बसली, तेव्हा गाव घाबरलं होतं. मग एक दिवस तिनं पेगीला नव्या डॉक्टरच्या घटस्फोटाची बातमी दिली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

गावाच्या वर, खाडीच्या टोकाला ड्युनोरा हाउस आहे. कुणा लॉर्डसाहेबानं शिकारीसाठी बांधलेलं दगडी घर. आता तिथं हॉटेल आहे. मासे धरायला येणारी माणसं राहतात. पण लढाईच्या वर्षांत ते लष्करानं ताब्यात घेतलं होतं. भोवती तार लावली, आणि गावात यायला-जायला पास लागू लागला. आत वायरलेस शिकवतात, असं गावाला सांगण्यात आलं. गावानं मान डोलवली. मग खाडीत धडाम आवाज व्हायचे, मेलेले मासे पांढरी पोटं वर करून किनाऱ्याला लागायचे, आणि घरोघर सामन माशाचं कालवण शिजायचं. हे वायरलेस फार चविष्ट आहे, असं म्हातारे एकमेकांत म्हणत. झुडपांतून तरुण पोरं पोटावर सरपटत जायची, चेहऱ्याला काजळी फासून. कुणाला दिसू नये हा त्यांचा अभ्यास होता. चर्चला निघालेल्या म्हाताऱ्या त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून जरा बाजूनं जात, आणि "सुप्रभात" म्हणत. पोरंही बिचारी सवयीनं "सुप्रभात" म्हणून जात, आणि तिथंच नापास होत.

तर ती हेरांची शाळा होती. पोरं बहुतेक नॉर्वेची. शिकून तयार झाली की त्यांना होडीनं आपल्याच देशात चोरून उतरायचं होतं, खोट्या नावानं जर्मनांच्या नाकाखाली राहायचं होतं.

इफी तेव्हा एकोणीस वर्षांची. आईबरोबर रस्त्याकडेच्या घरात राही. शाळेचा प्रमुख कॅप्टन हॅवरगल, उंच, वाकलेला, सदा सर्दी झालेला इंग्रज, अंडी घ्यायला त्यांच्याकडं येई. एकदा म्हणाला, "मिस इफी, आमची पोरं घरापासून लांब आहेत हो. अधूनमधून एखाद्याला तुमच्याकडं चहाला पाठवू का?"

इफीला काय, आंधळा मागतो एक डोळा.

पोरं एकेक करून येऊ लागली. मऊ केसांची, लाजरी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. दुसऱ्या दिवशी कॅप्टन अंड्यांना आला की सहज विचारी, "काय म्हणत होता कालचा?" आणि इफी सांगे. कालचा म्हणत होता सुतार आहे, पण हात तर बाईसारखे मऊ. परवाच्यानं सांगितलं एकुलता एक, आणि बहिणीची आठवण काढून रडला. कॅप्टन नाक पुसत ऐके आणि हसे. किती गप्पिष्ट आणि मनमिळाऊ माणूस, असं इफीला वाटे.

असाच एक दिवस हान्सेन नावाचा आला, चढण चढावी तसा पुढं वाकून चालत. बर्गेन शहरात विमा कंपनीत कारकून आहे, म्हणाला. फार जपून बोलत होता. शहर, ट्राम, साहेबाचा स्वभाव, सगळं व्यवस्थित सांगत होता. इफीनं तीन कप चहा पाजला तरी हाती काही लागेना. ती चडफडत होती तेवढ्यात आईनं बाहेरून हाक मारली की गाय दलदलीपलीकडं गेली. त्यांची गाय मोठी आडमुठी. दोघी मायलेकी बोलावून थकल्या, ती मान वर करीना. हान्सेन दारात उभा होता. बघता बघता त्यानं तोंडापाशी हात नेला आणि एक हाक घातली. उंच, बारीक, लांबवर जाणारी, गाणं म्हणावं का रडणं असा पेच पडावा अशी. गायीनं कान टवकारले आणि थेट चालत आली, जशी काही सासरहून माहेरी निघाली होती.

इफीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी कॅप्टन आला तेव्हा त्यानं विचारायच्या आतच ती म्हणाली, "तुमचा कारकून गाई माझ्यापेक्षा बरा वळतो हो."

या वेळी कॅप्टन हसला नाही. अंडी टेबलावरच विसरून गेला. दोन दिवसांनी एक लष्करी ट्रक रस्त्यानं खाली गेला. मागच्या बाजूला हान्सेन एकटा बसला होता, गावाकडं पाठ करून. इफीनं हात हलवला. त्यानं पाहिलं नाही.

लढाई संपली, तार निघाली. जाताना कॅप्टन निरोपाला आला तेव्हा म्हणाला, "मिस इफी, आता सांगायला हरकत नाही. आमच्या शाळेत दोरीवरून चालायला, स्फोट करायला शिकवणारे पुष्कळ होते. पण शेवटची परीक्षा तुमच्या चुलीपाशी व्हायची. तुमच्यासमोर जो टिकला तो कुठंही टिकेल."

ही गोष्ट इफीनं कुणालाही सांगितली नाही. म्हणजे, "तुलाच सांगते, कुणाला बोलू नकोस" असं बजावून एकेकाला सांगितली. त्यामुळं अख्ख्या गावाला ती माहीत होती, आणि ती आपल्या एकट्यालाच माहीत आहे असा ज्याचा-त्याचा समज होता. पण त्यातून ती गाय आणि तो कारकून मात्र तिनं वगळले. कॅप्टनला तिनं विचारलं होतं, "हान्सेनचं काय झालं?" तो म्हणाला होता, "ते मला सांगता येणार नाही." लष्करात लोकांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घालतात हे तिनं ऐकलं होतं. एका चेष्टेपायी आपण एका पोराला भिंतीपाशी धाडलं, हे तिच्या मनानं घेतलं. ते तिनं आर्चीला सांगितलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही.

चाळीसेक वर्षं गेली. मग एका जूनमध्ये गावात बातमी आली (पेगीकडून, कारण पत्र तिच्या हातून गेलं होतं) की नॉर्वेहून त्या शाळेतली जुनी माणसं बस भरून येणार आहेत, शाळा पाहायला आणि फाटकापाशी पितळी पाटी लावायला. हॉटेलवाल्यानं गावाला मदतीला बोलावलं. इफीनं दोन दिवस भट्टी पेटती ठेवली. नवी टोपी आणली. पेगी म्हणाली, "परीक्षा घ्यायची आहे का परत? म्हातारे झालेत गं ते, एका कपात कबूल होतील."

बस आली. पांढऱ्या केसांची माणसं एकेक करून उतरली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हाताला बायको. उतरल्या उतरल्या ती बोटं दाखवू लागली, इथं दोर होता, इथं खंदक होता. त्यांत सर्वांच्या मागून एक आडव्या बांध्याचा म्हातारा उतरला आणि सपाट रस्त्यावरूनही चढण चढावी तसा पुढं वाकून चालू लागला. त्या चालीवरून इफीनं हान्सेनला ओळखलं, आणि ती नाहीशी झाली.

पाटी लागली, बॅगपाइप वाजला, भाषणं झाली. पेगीनं शेवटी तिला हॉटेलच्या स्वयंपाकघरात शोधून काढलं. इफी कोरडे कप पुसत होती.

"बरी आहेस ना? बाहेर चाळीस अनोळखी माणसं आहेत, आणि तू इथं?"

"कप पुसतेय."

"ते कोरडे आहेत."

मग इफीनं सांगितलं. गाय, हाक, अंडी, ट्रक, सगळं एका दमात. पेगीनं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यापासून लपवून ठेवलंस?"

"पेगी, मी माणूस मारला असं समजत होते."

"तो मेलेला नाही गं. तो बाहेर तिसऱ्यांदा पुडिंग घेतोय. जा आणि त्याच्याशी बोल. नाहीतर मी जाते, आणि मी कशी सांगेन ते तुला माहीत आहे."

ही धमकी मात्र लागू पडली. इफी टोपी सरळ करून बाहेर गेली.

म्हाताऱ्याचं खरं नाव ओद्मुंड. तिला पाहून तो जरा गोंधळला, मग म्हणाला, "तुमच्याकडं मी चहा प्यायलो होतो. ओटच्या भाकऱ्या जळल्या होत्या."

"जळल्या नव्हत्या. खरपूस होत्या," इफी म्हणाली आणि तिला जरा धीर आला. "मिस्टर हान्सेन, तुम्हाला ट्रकमधून नेलं. पुढं काय केलं हो तुमचं?"

"काही नाही. डोंगरात एका बंगल्यावर नेऊन ठेवलं, लढाई संपेपर्यंत. तिथं आमच्यासारखे पुष्कळ होते. शाळेची गुपितं माहीत म्हणून सोडता येत नव्हतं, पण उपयोगही नव्हता, असे. झाडं तोडत होतो." त्यानं वाटी खाली ठेवली. "माझ्याबरोबर सव्हेर आणि तोर्लेइव होते, एकाच दरीतले तिघं. ते दोघं गेले. पहिल्याच हिवाळ्यात पकडले गेले. परत आले नाहीत. मी आलो. गावात लोक विचारायचे, तू काय केलंस? मी सांगायचो, झाडं तोडली."

तो फाटकाकडं पाहत राहिला. "मला का काढलं ते कुणी सांगितलं नाही. पण मला माहीत आहे. नदीवरच्या दोरीवर माझे पाय लटपटले होते. मध्यावर लटकून राहिलो, खाली येता येईना. कुणीतरी लिहिलं असणार, हा भित्रा आहे."

इफीनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट तिच्या जिभेच्या टोकावर होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

"दोरीचं काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "दोरीवर सगळेच लटकायचे. आम्ही खालून बघायचो. तुम्ही कारकून होतात ना? मग कारकुनाला गाई कशा बोलावता येतात?"

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला, कानापासून सुरू होऊन.

"आमच्याकडं ती हाक बायका घालतात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात गुरं डोंगरावर नेतात. बाप लवकर गेला, म्हणून आईबरोबर मी जायचो. ती हाक मी... मी घातली हे मला आठवतसुद्धा नाही."

"मी कॅप्टनला सांगितलं. मला हसू आलं होतं म्हणून सांगितलं. तुमच्यावर असं काही येईल हे मला ठाऊक नव्हतं."

"गाय," तो म्हणाला. आणि काठी उचलून चालता झाला, रस्ता सोडून, दलदलीच्या बाजूला.

चार वाजता बस निघायची होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. सगळे चढले, ओद्मुंड नव्हता. पेगी इफीकडं पाहून म्हणाली, "तू घालवलास, तू आण."

तो इफीच्या जुन्या घरामागं एका दगडावर बसला होता. ती शेजारी बसली. आणि इथं किन्लोखबानच्या इतिहासात नोंद व्हावी असं घडलं. इफी मॅकव्हॅरिश एका माणसाशेजारी बसली आणि गप्प राहिली. तीन वेळा भोंगा वाजला तरी गप्पच.

"चाळीस वर्षं," शेवटी तोच म्हणाला, "मी त्या दोरीवर लटकून आहे. स्वप्नातसुद्धा. आणि तुम्ही म्हणता गाय."

"हो."

"आता मी काय करू? तुमचे आभार मानू? जीव वाचवलात म्हणून?"

"मी कुठं म्हणाले तसं? चहा तेवढा माझा प्यायलात. बाकी तुमचं तुम्ही आणि गायीनं केलंत."

तो रागानं तिच्याकडं वळला. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की हसतोय ते इफीला समजेना, आणि या वेळी मात्र तिनं ते विचारलं नाही. हातरुमाल तेवढा पुढं केला. त्यात ओटच्या भाकरीचा चुरा होता.

बस वाट बघून गेली. त्याला रात्रीपुरता हॉटेलात ठेवला आणि सकाळच्या गाडीनं धाडला. पण पुढच्या वर्षी तो परत आला, एकटाच, तपकिरी गोडसर चीजचा एक विटेएवढा तुकडा घेऊन. इफीचं मोडकं फाटक त्यानं दुरुस्त केलं. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. आता गाव बोलू लागलं. पेगीनं तर कहर केला, पोस्टात येईल त्याला ती सांगे, "तुलाच सांगते, कुणाला बोलू नकोस." जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी वाटत फिरलेल्या इफीला आपलीच गोष्ट तीन दुकानं पलीकडून परत ऐकावी लागली. तिला फार राग आला. लोकांना दुसरे उद्योग नाहीत का, असं ती ज्याला-त्याला विचारू लागली.

लग्नबिग्न काही झालं नाही. "या वयात नवा नवरा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं," ती म्हणायची. पण तिसऱ्या वर्षी ओद्मुंड म्हणाला, "आता तुम्ही या," आणि इफी गेली. ग्लासगोपलीकडं न गेलेली बाई जहाजात चढली. पोचेपर्यंत अर्ध्या जहाजाची कुळकथा तिला पाठ झाली होती.

त्याची दरी अरुंद, दोन्ही बाजूंना काळे डोंगर. चर्चपाशी एक दगड होता, त्यावर सव्हेर आणि तोर्लेइवची नावं. ओद्मुंड तिथं टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "तोर्लेइवची बहीण आहे इथं, गुनहिल्ड. लढाईपासून ती माझ्याशी बोललेली नाही. दूधसंघात मी एका दारानं गेलो की ती दुसऱ्या दारानं निघते. तिला वाटतं, मी आयत्या वेळी कच खाल्ली आणि तिचा भाऊ माझ्याविना गेला."

"मग सांगा की तिला."

"काय, गाय?"

"गायच," इफी म्हणाली, आणि त्याची वाट न बघता फाटक ढकलून गुनहिल्डच्या अंगणात शिरली. परक्याच्या घरात शिरायची तिला कधी भीड वाटली नव्हती.

गुनहिल्ड वाळक्या लाकडासारखी बाई होती. पाहुणीला पाहून तिनं रीतीप्रमाणं कॉफी ठेवली. ओद्मुंडला बस म्हणाली नाही. तो उभ्या उभ्याच सांगू लागला. आपल्या दरीतल्या भाषेत, अडखळत, मधेच थांबत. इफीला शब्द कळत नव्हता, पण गोष्ट कुठवर आली ते तिला त्याच्या कानांवरून कळत होतं. हाकेपाशी आल्यावर तो थांबला. गुनहिल्डनं काहीतरी विचारलं. तो मान खाली घालून काही बोलला. तिनं पायानं एक खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

मग ती इफीकडं वळली, आणि भिंतीवरचा भावाचा फोटो दाखवून तिनं एक प्रश्न विचारला. ओद्मुंडनं तो इंग्रजीत केला. "ती विचारते, तोर्लेइवही तुमच्याकडं चहाला आला होता का?"

"आला होता की," इफी म्हणाली. "सोनेरी केस, पुढचा दात तुटलेला. तो माझ्यासमोर टिकला. एक शब्द खरा बोलला नाही."

हे ऐकल्यावर गुनहिल्ड बराच वेळ टेबलावरचा कपडा सारखा करत राहिली. मग हळूच पुन्हा बोलली.

"म्हणते," ओद्मुंड म्हणाला, "खोटं काय बोलला, ते तरी सांगा."

आणि इफीनं सांगितलं. माणसाचा शब्द एकदा तिच्या कानात पडला की तो तिथंच राहायचा, तो खरा की खोटा हे बघून तिनं कधी साठवण केली नव्हती. तोर्लेइवची ट्रॉन्डहाइमला बेकरी होती. बायको जाड होती आणि फार घोरायची. तीन मुली होत्या. थोरली मापात पीठ चोरून मांजरीला घालायची. धाकटीला गाणं येत होतं. पावसाळ्यात त्याचा गुडघा दुखायचा. म्हातारपणी बेकरी जावयाला द्यायची आणि समुद्राकाठी होडी घेऊन बसायचं, असा त्याचा बेत होता.

ओद्मुंड एकेक वाक्य गुनहिल्डला त्यांच्या भाषेत करून सांगत होता. गुनहिल्ड घोरण्यापाशी हसली. मुलींच्या वेळी तिनं डोळ्यांना पदरासारखा एप्रन लावला. समुद्राकाठच्या होडीपाशी तिनं हात वर करून थांबवलं, उठली, कॉफीचं भांडं परत चुलीवर ठेवलं, आणि खुर्ची इफीच्या जवळ ओढून बसली.

"म्हणते," ओद्मुंड म्हणाला, "मुलींची नावं काय होती?"